दारातला चर

माणसाच्या दारात यायचं आणि माणसाकडंच पाठ करून बसायचं, हे कुठल्या गावचं वागणं? लीलाबाईंना उंबरमाळच्या त्या चांदबीचं सगळंच खटकत होतं, पण मूळ दुखणं हे होतं. रोज ऊन शेडवर आलं की ती म्हातारी खुरपं आणि कड तुटलेलं घमेलं घेऊन हजर. लीलाबाईंच्या दाराला लागून जो चर होता, त्याच्या काठावर फतकल मारायची. तोंड चराकडं, पाठ दाराकडं. आतला गाळ, काडीकचरा उकरायचा, माती बांधावर टाकून हातानं थापटायची आणि उठून चालू लागायचं. रामराम नाही, कशा आहात नाही. एकदा लीलाबाईंनी थोरल्या सुनेला, मंगलला, चहा घेऊन बाहेर पाठवलं, तर भरला कप जसाच्या तसा परत आला. मळईवाडीच्या जाधवांच्या घरचा चहा आजवर तलाठ्यानंही परत केला नव्हता.

"आपल्याला पुरात वाहून आलेली लाकडं समजती ती," लीलाबाई म्हणाल्या, ते पडद्याबाहेर ऐकू जाईल अशा बेतानं. पडदाच म्हणायचा, शेडला दाराची फळी अजून बसली नव्हती, मंगलची जुनी साडी चौकटीला बांधलेली होती. बाहेर खुरप्याचा आवाज क्षणभर थांबला आणि पुन्हा सुरू झाला.

खरं बघता वाहूनच आल्या होत्या. या खेपेला कृष्णामाई मळईवाडीत शिरली ती उंबऱ्यावर थांबलीच नाही. खालच्या आळीतली मातीची घरं आठवडाभर पाण्यात उभी होती, आणि पाणी उतरलं तशी एकेक बसत गेली. नवी जागा, नवी घरं होईस्तोवर या लोकांना ठेवायचं कुठं, तर कडेगावच्या वरच्या अंगाच्या उंबरमाळनं आपलं गायरान देऊ केलं. एका संस्थेनं तिथं पत्र्याच्या शेड उभ्या केल्या. ऊसवाले, सात पिढ्या नदीकाठी नांदलेले जाधव खडकाळ माळावर येऊन राहिले.

शेड उभ्या करायच्या आधी संस्थेच्या पूजा नावाच्या पोरीनं सगळ्यांना माळावर बसवून समजावलं होतं. हातात आखणीच्या पांढऱ्या फक्कीचं घमेलं, पायात पुरुषी बूट. माळाच्या उतारावर आडवे चर खणलेले दिसत होते, एकाखाली एक. उंबरमाळच्या लोकांनी ते वर्षानुवर्षं श्रमदानानं खणलेले; प्रत्येक घराचा आपला चर, आणि ज्याचा त्यानं राखायचा. कृष्णेला पूर आणणारा पाऊस या माळावर पडतच नाही. इथं खरा पाऊस येतो तो परतीचा. तो चरांत अडतो, जिरतो, आणि उताराच्या पायथ्याला जी गावाची एकुलती एक विहीर आहे तिला पाझर फुटतो. त्या पाझरावर गाव उन्हाळा काढतं. तो हुकला की टँकर. तेव्हा शेड चरांच्या मधल्या पट्ट्यात बसतील, पूजा म्हणाली. चर बुजवायचे नाहीत, बांध फोडायचे नाहीत, झाडाला हात लावायचा नाही, मोरीचं पाणी शोषखड्ड्यात सोडायचं. ज्यांनी बुडालेल्यांना वर जागा दिली, त्यांचं गाव आपल्या पायी कोरडं पडायला नको. गावानं एवढीच एक अट घातली आहे.

लीलाबाई तेव्हा पदर खोचून उठल्या होत्या.

"पोरी, आमाला पानी शिकवू नगं. किस्नाकाठी जल्म गेला आमचा."

मळईवाडीची सगळी माणसं हसली. मोठ्या आईनं, म्हणजे लीलाबाईंनी, तोंड उघडलं की समोरचा गप होणार, हे त्यांना ठाऊकच होतं. तेवढ्यापुरतं त्यांना आपण आपल्याच गावात बसलोय असं वाटलं. लीलाबाईंनाही वाटलं.

पण जन्म कृष्णाकाठी गेला नव्हता. लग्नानंतरचा सगळा गेला होता. जन्म झाला होता माण तालुक्यात, दहिवडीच्या पल्याडच्या एका वाडीत, जिथं ओढ्याच्या कोरड्या पात्रात खड्डा उकरून, त्यात पाणी पाझरेपर्यंत वाट बघून, वाटीनं घागर भरावी लागे. नवी नवरी म्हणून मळईवाडीत आल्या तेव्हा सासू चारचौघींत म्हणायची, आमची सून दुष्काळातली, तिला अंघोळीला तांब्याभर पाणी पुरं. ते हसू लीलाबाईंनी पोटात ठेवलं आणि त्या दिवसापासून माहेराचं नाव तोंडातून काढलं नाही. पाठीमागची माणसं वारली, येणंजाणं तुटलं. मंगललासुद्धा सासूचं माहेर "तिकडं वर कुठंतरी" यापलीकडं माहीत नव्हतं.

तर चांदबीच्या घरचा चर लीलाबाईंच्या दारातच आला. पूजानं टँकरची वाट शेडच्या मागून काढली होती, म्हणून सगळी दारं चरांच्या अंगाला गेली. आणि एका दुपारी पावसाची एक सर येऊन गेली. सर कसली, नुसती वरवर. पण चरात पाणी साचलं आणि त्यात शेडचा पत्रा दिसू लागला.

आता मळईवाडीची एक रीत आहे. पूर रस्त्यानं येत नाही, आधी खालून येतो. परड्यातल्या उकिरड्याच्या खड्ड्यात पाणी दिसलं, की नदीकडं बघायलाही जायचं नाही. अंथरुणं माळ्यावर टाकायची, जनावरं सोडायची, पोरं उचलायची. हे तिथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. लीलाबाई झोपेतून उठल्या, पडदा बाजूला केला, आणि दारातल्या खड्ड्यात पाणी. पुढचं त्यांच्या हातापायांनी केलं, डोक्यानं नाही. खाटेवर खाट चढवली, धान्याची पोती वर टाकली, मंगलच्या धाकट्या पोरीला काखेत मारलं आणि ओरडत बाहेर आल्या, "आगं चला, पानी आलं, पानी आलं." मळईवाडीच्या बायका आपापल्या शेडमधून पोरं घेऊन पळत सुटल्या.

कुठं पळायचं? त्या माळाच्या वर नुसतं आभाळ होतं.

उंबरमाळचे दोघे मोटारसायकलवरून चालले होते. ते थांबले. एकजण दुसऱ्याला म्हणाला, "गड्या, हितं पूर आला तर साताऱ्याचा किल्लासुदीक बुडाला आसंल." आणि दोघंही हँडलवर पडून हसले. वाईट हसणं नव्हतं ते. पण लीलाबाई तिथं काखेत पोर घेऊन, मोकळ्या केसांनी, अनवाणी उभ्या होत्या, आणि सबंध गाव आपल्याला या अवस्थेत बघतंय असं त्यांना झालं. चांदबी चराच्या काठावर होती. तिनं पदर तोंडाला लावला आणि मान खाली घातली. हसली, लीलाबाईंनी ठरवलं. ही पण हसली.

लाज वाटली की काही माणसं रडतात. लीलाबाई हुकूम सोडायच्या.

"कृष्णात, बांध फोड," त्यांनी मुलाला सांगितलं. चांदबी जाईपर्यंत तेवढ्या थांबल्या होत्या.

कृष्णात घुटमळला. संस्थेनं सांगितलंय, गावाची अट आहे, असं काहीतरी पुटपुटला. संस्था तुझी आई आहे का मी, एवढं विचारल्यावर त्यानं कुदळ घेतली. बांध सहजी फुटला नाही. आतून दगड रचून केलेली पिचिंग, वर गवताची मुळं घट्ट विणलेली. कुणीतरी हातानं, वर्षांवर वर्षं थापटत आणलेला बांध होता. तो फुटला तसा ओल्या मातीचा वास वर आला आणि लीलाबाईंच्या बोटांना उगाच वाटीची कड आठवली. त्यांनी दुसरीकडं बघितलं.

मग कृष्णातनं तिथून उताराला सरळ पाट काढून दिला. ऊस भिजवणारा गडी तो, पाट काढावा तर त्यानंच. सरीसारखा सरळ, तळ घोटून काढलेला. चरातलं पाणी सुरकन निघून गेलं. मोठ्या आईनं फोडला म्हटल्यावर बाकीच्यांनी वाट कशाला बघायची? दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत प्रत्येक शेडच्या दारातून एक पाट उताराला लागला होता, आणि माळ नांगरल्यासारखा दिसत होता.

पूजा धापा टाकत आली. लीलाबाईंनी तिला तयारीत ठेवलेलं सगळं ऐकवलं: दारात डबकं ठेवून वर आम्हालाच अक्कल शिकवतेस, तुझ्या घरापुढं खण असला खड्डा, आणि बरंच काही. पोरीनं ते ऐकून घेतलं. मग म्हणाली, "माझंही चुकलं, आजी. दारं दुसऱ्या अंगाला घ्यायला हवी होती. मी फिरवून देते. पण बांध आजच्या आज घालून घ्या. परतीचा पाऊस काही सांगून येत नाही."

हो म्हणायला हीच वेळ होती. पोरीनं आपली चूक आधी पदरात घेऊन लीलाबाईंना वाट मोकळी करून दिली होती. पण वाटेवर उंबरमाळची माणसं उभी होती, त्यांतले दोघे तेच, मोटारसायकलवाले.

"दारं फिरीव न्हाईतर पत्रं फिरीव," लीलाबाई म्हणाल्या, "बांध काय मी घालनार न्हाई."

दुसऱ्या दिवशी उंबरमाळचे गडी कुदळी-फावडी घेऊन वर आले. लीलाबाई दारात उभ्या राहिल्या, कमरेवर हात ठेवून. गड्यांनी एकाला खाली गावात पाठवून काही विचारणा केली, थोडा वेळ उभे राहिले, आणि जसे आले तसे परत गेले. जिंकलो, असं लीलाबाईंना वाटलं. चांदबी मात्र आलीच. फुटलेल्या चराच्या काठावर, रोजच्या जागी, दाराकडं पाठ करून बसली. साफ करण्यासारखं त्यात काही उरलं नव्हतं. तरी तिनं खुरप्यानं तळ उकरला, माती फुटक्या बांधाच्या तोंडाशी लावली, आणि गेली. लीलाबाई पडद्याआडून बघत होत्या. एक शब्द बोलली नाही बाई. एक शब्द बोलली असती, तर उत्तरं तयार होती.

पाऊस आला तो भर दुपारी. माळावर एवढा पाऊस पडतो हे मळईवाडीच्या लोकांना ठाऊकच नव्हतं. पत्र्यावर असा काही कोसळला की आतल्या आत बोलणं ऐकू येईना. लीलाबाई पडदा धरून दारात उभ्या होत्या आणि पाटातून पाणी पळताना बघत होत्या. आधी बरं वाटलं. दारात थेंब थांबत नव्हता. मग पाण्याचा रंग बदलला. वरच्या पाटाचं पाणी खालच्याला मिळालं, त्याचा लोट झाला, आणि तो लोट काठ खात, गेल्या वर्षी लावलेली चिंचेची, कडुनिंबाची रोपं मुळासकट उपटत खाली निघाला. शोषखड्डे फुटले. मोऱ्यांचं पाणी, राख, मदतीच्या सामानाची रिकामी प्लास्टिकं, सगळं एकमेकांच्या मागं उताराला लागलं. आणि उताराच्या पायथ्याला काय आहे, हे लीलाबाईंना पहिल्या दिवशीच सांगितलेलं होतं.

पाऊस थांबला तशा त्या खाली गेल्या. कुणी बोलावलं नव्हतं. मंगलनं नको म्हटलं, तरी गेल्या.

विहिरीवर गाव जमलं होतं. एका अंगाची दगडी बांधणी ढासळून आत पडली होती. पाणी लाल, घट्ट, आणि त्यावर बिस्किटांचे पुडे, साबणाचा फेस, संस्थेच्या किटच्या निळ्या पिशव्या. लीलाबाई काठाशी आल्या आणि वास आला. तोच. पूर उतरल्यावर स्वयंपाकघरात पाय टाकला तेव्हा आला होता तोच: कुजकट, गार, दुसऱ्यांच्या घाणीचा, आपल्या चुलीवर येऊन बसलेला. तेव्हा त्यांनी हातानं भिंत धरली होती आणि नदीला शिव्या दिल्या होत्या. आता नदी कुठं होती?

बायकांनी त्यांना वाट करून दिली. लीलाबाई तिथं उभ्या राहिल्या, शिवीची वाट बघत. शिवी आली असती तर मान वर करता आली असती. शिवी काही येईना. तो मोटारसायकलवाला गडी विहिरीत गळ टाकून पिशव्या काढत होता. त्यानं वर बघितलं, आणि लाज त्यालाच वाटल्यासारखी मान खाली घातली. लीलाबाई माघारी वळल्या. तो चढ त्यांना एवढा उभा कधी वाटला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी उंबरमाळला टँकर आला. आता तो येतच राहणार होता. टँकर गेल्यावर अफसाना, चांदबीची सून, डोक्यावर भरला हंडा घेऊन चढ चढून आली आणि लीलाबाईंच्या दारात तो उतरवला.

"ह्ये कशापायी?" लीलाबाईंनी विचारलं.

अफसाना सरळ पोरगी. आमच्या गावात टँकर आला की पयला हंडा पाव्हण्याच्या घरी जातो, ती म्हणाली, जुनी रीत आहे. तुमचा टँकर उद्याचा, म्हणून अम्मीनं धाडला.

"तुजी सासू," लीलाबाई म्हणाल्या, "माज्याकडं पाठ करून बसती रोज. आन् वर पानी धाडती?"

अफसानाला आधी कळेना. मग ती हसली, आणि हसू लगेच आवरून घेतलं.

"आवं, तुमच्या दाराला फळी कुटं हाय? नुसता पडदा. आत लेकीसुना, कुनी न्हातंय, कुनी पाजतंय. अम्मी म्हनती, समोर तोंड करून बसलं तर बायांनी उठायचं-बसायचं कसं? आन् चहा घेतला न्हाई म्हनून तुमी रागावलाय, मंगलवैनी बोलल्या. पर वाहून गेलेल्या घरातली साखर खायाची व्हय? ती मला म्हनली, त्यांचं घर उभं ऱ्हाऊ दे, मग मी बसून दोन कप पीन."

लीलाबाईंनी चौकट धरली.

"आन् त्या दिवशी गडी आलं हुतं कुदळी घिऊन? ते का गेलं?"

"अम्मीनंच माघारी लावलं. पुरातनं आल्याली बाई हाय, तिच्या दारात गड्यांनी कुदळी घिऊन उभं ऱ्हायाचं न्हाई म्हनली. ती दारात उभी ऱ्हायली, चार लोकांत तिची मान खाली व्हईल. शानी बाई हाय, चार दिसांत आपल्या हातानं बांध घालंल." अफसानानं पदरानं हंड्याची कड पुसली. "चार दिस पावसानं दिलं न्हाईत, एवडंच."

ती गेल्यावर लीलाबाई हंड्यापुढं बसल्या. मंगलनं तांब्या भरून दिला, तो त्यांनी हातात धरून ठेवला. आतल्या पाण्याकडं बघत राहिल्या. लहानपणी आई म्हणायची, घागर भरून झाली की खड्ड्यात वाटीभर ठेव, मागून येणारीला. ते विसरल्या नव्हत्या. कधीच विसरल्या नव्हत्या. विसरलो असं दाखवता दाखवता इथवर आल्या होत्या. बांध फोडायला सांगितला त्या घडीला त्यांना माहीत होतं, पूजापेक्षा चांगलं माहीत होतं, की बांध कशासाठी असतो. चार माणसं हसली म्हणून त्यांनी एका गावाचा उन्हाळा वाहून घालवला, आणि ज्या बाईनं त्यांची अब्रू राखायला आपली विहीर पणाला लावली, तिला त्या पडद्याआडून टोमणे मारत बसल्या होत्या. तांब्या त्यांनी न पिता खाली ठेवला.

बाहेर खुरप्याचा आवाज आला. चांदबी आली होती. फुटलेल्या चराच्या काठावर, गाळात, दाराकडं पाठ करून.

लीलाबाईंनी कृष्णातची कुदळ उचलली. कृष्णात पुढं झाला, त्याला हातानं बाजूला सारलं. आयुष्यात त्यांनी कुणाची माफी मागितली नव्हती. ते शब्द कुठून सुरू करतात हेही त्यांना येत नव्हतं. त्यांनी मोकळ्या हातानं पडद्याची साडी चौकटीवरून सोडली आणि आत फेकली. मंगल, शेजारच्या शेडमधल्या बायका, सगळ्या बघत होत्या. बघू देत. लीलाबाई चरात उतरल्या, घोट्याएवढ्या गाळात, चांदबीच्या समोर, आणि सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्यानं बोलल्या:

"चांदबी, तुजं वागनं मला पयल्या दिसापास्नं पटलं न्हाई आन् आजबी पटलं न्हाई. पाठ करून बसलीस त्येचा मी वाकडा अर्थ घेतला, ती माजी अक्कल. पर गडी माघारी का लावलंस? पुरातली बाई म्हनून माजा मुलाजा धरलास आन् गावाची हीर घालवलीस. मी काय नदीकाठची न्हवं. माजं म्हायार मानचं हाय, दहिवडीच्या पल्याड. वाटीनं घागर भरल्याली बाई हाय मी. बांध फोडल्यावर काय हुतंय ते मला ठावं हुतं, आन् ठावं आसून फोडला. असल्या बाईचा मुलाजा धरत न्हाईत. झिंज्या धरून ह्याच चरात बसवायची हुतीस मला. न्हाई बसवलीस, ही तुजी चूक. माजी त्येच्याहून लय थोरली, ती मी आता ह्या हातानं भरनार. सरक तिकडं. आन् तोंड हिकडं कर."